वेंगुर्ल्यात घरच्या घरी नॅस: दशावताराच्या कॅसेटी, खारं वारं आणि सारखी जाणारी लाईट

सुरंगी (धागालेखिका)
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण यावेळी विचारल्याशिवाय राहवत नाहीये. आमच्या काकांनी वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी भागातल्या जत्रांमधली दशावतारी नाटकं हँडीकॅमवर शूट करून ठेवलीत, सगळ्या मिनीडीव्ही कॅसेटी, शंभराच्या आसपास असतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं आणि मग नट उभा राहून जे बोलेल ते त्या रात्रीचं, तेच आख्यान तीच कंपनी दुसऱ्या गावात करते तेव्हा बोलणं वेगळं. म्हणजे या कॅसेटींत जे आहे ते दुसरीकडे कुठेच नाही, आणि त्यातले काही कलाकार आता हयात नाहीत.
आता काही कॅसेटींच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसायला लागलीय म्हणून मी सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलंय. सुटी एक्सटर्नल डिस्क नकोय, कारण काकांना टीव्हीवर बघायचंय, मला लॅपटॉपवर आणि पुण्याच्या भावाला तिकडून. नॅस हे नाव ऐकलंय पण तयार डबा महाग पडतो. घरात एक जुना डेस्कटॉप आहे, आय-थ्री चौथी पिढी, ८ जीबी रॅम, बोर्डावरच गिगाबिट लॅन. त्याचं होईल का? लिनक्स कधी वापरलेलं नाही. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, कौलारू, आणि लाईटचं तुम्हाला माहीतच आहे.

आडवाट
होईल, अगदी आरामात होईल. नॅस म्हणजे काय तर नेटवर्कला जोडलेला, सदा चालू असणारा, डिस्कवाला कॉम्प्युटर. फाईल वाढायला आय-थ्री खूप झाला.
आधी कॅसेटींचं बोलतो कारण ते जास्त तातडीचं आहे. बुरशी दिसतेय त्या कॅसेटी आत्ताच वेगळ्या पिशवीत काढा आणि कॅमेऱ्यात घालून बघू नका. बुरशी हेडला लागते आणि मग त्यानंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. आधी चांगल्या उतरवून घ्या, बुरशीवाल्या साफ करून घेतल्याशिवाय चालवायच्या नाहीत.
जागेचा हिशोब सोपा आहे. डीव्ही फॉरमॅट एका तासाला साधारण १३ जीबी खातो, मिनीडीव्ही कॅसेट तासाभराची, म्हणजे शंभर कॅसेटी १.३ टीबी. ४ टीबीच्या दोन डिस्क घ्या, पुढची बरीच वर्षं बघायला नको. घेताना डेटाशीटवर सीएमआर (डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिणारी) लिहिलंय का बघा. एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क स्वस्त असतात पण सलग खूप लिहायला लागलं की रडतात. आणि ४ टीबीची डिस्क लावल्यावर ३.६४ दिसली तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या.
सिस्टिम म्हणून ओपनमीडियाव्हॉल्ट टाका. ते डेबियनवर चालतं, १ जीबी रॅममध्येसुद्धा उभं राहतं, आणि एकदा टाकलं की सगळं ब्राऊझरमधून होतं, काळ्या स्क्रीनशी फारसा संबंध येत नाही. ट्रूनॅसही उत्तम, पण त्याला कमीत कमी ८ जीबी लागते, तुमची तेवढ्यातच संपेल. सिस्टिमसाठी एखादा छोटा जुना एसएसडी वेगळा ठेवा. एक गोष्ट मात्र नक्की करा: इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा, इन्स्टॉलर निवडलेली डिस्क अख्खी पुसतो आणि विचारतो फक्त एकदा.

काजूबोंड
वाचतोय. मलाही हेच करायचंय, आमच्याकडे आजोबांच्या काळातले जमिनीचे कागद स्कॅन करून ठेवलेत ते तीन वेगवेगळ्या पेनड्राईव्हवर आहेत आणि कुठला शेवटचा ते कोणालाच माहीत नाही.

गाववालो
ताई, लय मोठा काम करतंस. आमच्याकडे जत्रेक आजून रातभर नाटक चलता, पण जुन्या लोकांचा बोलणा आता खय ऐकूक गावतला. एकच सांगतंय, मे म्हयन्यात जो वीज-पाऊस येता तेका विसरू नको. आमच्या शेजाऱ्याचो टीव्ही, राऊटर, स्टॅबिलायझर सगळा एका कडकडाटात गेला. मेन स्विच बंद होतो, पण डिशची वायर तशीच टीव्हीक लावलेली होती. तेव्हा लाईटचो पिन काढतंस तेव्हा लॅनची वायर पण काढ.

पोफळी
गाववाल्यांशी शंभर टक्के सहमत. वीज सगळ्यात जवळच्या तांब्यातून आत येते, मग ते लाईटचं असो, केबल टीव्हीचं असो की पडवीतून फिरवलेली लॅनची वायर असो. फायबरची काच वीज नेत नाही हे खरं, पण त्याच्या डब्याचा ॲडाप्टर शेवटी आपल्याच बोर्डात असतो.
मी इलेक्ट्रिकलची कामं करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्सटेंशन बोर्ड सगळे घेतात, पण त्याला जादाचा दाब कुठेतरी सोडायचा असतो आणि ती जागा म्हणजे अर्थिंग. आपल्याकडे खाली जांभा. जांभ्यात पाणी धरून राहत नाही, पावसाळ्यात अर्थिंग ठीक लागतं आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी वळवाची वीज कडाडते तेव्हा, तोच खड्डा कोरडाठाक असतो. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा, आणि वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट दिसतात ते मोजून घ्या, एक-दोन व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून बरंच जास्त दिसलं तर आधी ते काम करा, सर्व्हर नंतर. स्वतः बोर्ड उघडू नका.
इन्व्हर्टर आहे का घरी? असेल तर मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू करा, नाहीतर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर यायला जो वेळ लागतो त्यात पंखा चालू राहतो पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. आणि इन्व्हर्टर साईन वेव्ह हवा. तरी माझं मत विचाराल तर नॅसला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा द्या आणि तो यूएसबी पोर्टवाला बघून घ्या. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये नट नावाचं प्लगइन आहे, यूपीएसची बॅटरी उतरायला लागली की ते यूएसबीवरून कळतं आणि मशीन आपणहून नीट बंद होतं. यूएसबी नसलेला यूपीएस म्हणजे फक्त दहा मिनिटं उशिरा होणारा तोच धक्का.

सुरंगी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. इन्व्हर्टर आहे, साईन वेव्ह. वायरमन बघून गेले, त्यांनी नवीन अर्थिंगच सुचवलंय, ते काम चालू आहे.
ठेवायचा कुठे ते सांगा ना. माळ्यावर जागा आहे, कोणाच्या पायात येणार नाही.

आडवाट
माळा नको! कौलांखाली मे महिन्यात काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे, डिस्क ४५ डिग्रीच्या खाली राहिलेली बरी. पश्चिमेची खिडकीही नको, खारं वारं थेट आत. माजघर सगळ्यात चांगलं, जमिनीपासून दोन-अडीच फूट वर, भिंतीपासून वीतभर पुढे.
आणि पावसाळ्यात दमट म्हणून बंद करून ठेवू नका, लोक हे हमखास करतात. चालू मशीन आतून कोमट असतं त्यामुळे आत ओल धरत नाही, बंद पडलेल्या मशीनला धरते. डिस्कवर एक बारीक भोक असतं, शेजारी झाकू नका असं लिहिलेलं असतं, हवेचा दाब सारखा करायला ते लागतं, त्यावर टेप वगैरे लावायची नाही. दर महिन्याला फिल्टर झटका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही होत नाही कारण पंखा सतत बाहेरची हवा खेचतोय.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणहून लिहितोय. वर सगळं बरोबर आहे पण दोन डिस्क घ्या म्हटल्यावर पुढचं वाक्य कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.
आमच्याकडे दुकानाच्या मागच्या खोलीत असाच सर्व्हर होता, रेड-वन, म्हणजे एका डिस्कवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी आलं तेव्हा त्या दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच वेळी पाण्याखाली गेल्या. एका डिस्कचा चिखल काढून लॅबला पाठवली, थोडंफार मिळालं, लग्नाचे फोटो मिळाले नाहीत. रेड एवढ्यासाठीच असतं की एक डिस्क मेली तरी काम थांबू नये. चुकून डिलीट केलेली फाईल दोन्हीकडून जाते, व्हायरसने लॉक केलेली फाईल दोन्हीकडे लॉक होते, आणि पाणी, वीज, चोर यांना दोन डिस्कचं काही वाटत नाही.
ताई, तुमच्याकडचं परत शूट करता येण्यासारखं नाही. एक कॉपी घराबाहेर हवी, आणि माझं ऐकाल तर किनाऱ्याच्याच बाहेर, घाटावर. तौक्ते आलं तेव्हा मे २०२१ मध्ये मालवण, वेंगुर्ला, देवगड सगळीकडे एकदमच अंधार होता. शेजारच्या गावात ठेवलेली कॉपी अशा वेळी उपयोगाची नाही.

सुरंगी
वाचून पोटात कालवलं. भाऊ पुण्यात आहे, त्याच्याकडे ठेवता येईल. यावर परत येते.
दरम्यान प्रगती: ओपनमीडियाव्हॉल्ट टाकलं, दोन्ही डिस्क दिसतायत. पण शेअर (नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) विंडोज अकराच्या लॅपटॉपवरून उघडत नाही, टीव्हीवर मात्र उघडतो. आणि दुसरं म्हणजे कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. एक कॅसेट १३ जीबी, म्हणजे वीस मिनिटं एकीलाच. डिस्क खराब आहे का?

आडवाट
पहिलं सोपं. तुम्ही शेअर पाहुण्यांसाठी खुला ठेवला असणार. नवं विंडोज बिनपासवर्डचा शेअर उघडू देत नाही, आणि ते योग्यच आहे. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये एक युजर बनवा, पासवर्ड द्या, त्या फोल्डरवर त्याला लिहायची परवानगी द्या, आणि लॅपटॉपवर तेच नाव-पासवर्ड टाका. काकांसाठी वेगळा युजर, फक्त वाचायच्या परवानगीचा, म्हणजे रिमोट चुकून दाबला गेला तरी काही पुसलं जाणार नाही.
दुसरं, ११ हा आकडा बघूनच सांगतो, डिस्कचा काही दोष नाही. १०० एमबीपीएसच्या लिंकवर (हे बिटांत असतं, आठ बिटांचा एक बाईट) सेकंदाला जास्तीत जास्त ११-१२ एमबीच जातं, गिगाबिटवर ११० च्या आसपास जायला हवं. कुठेतरी लिंक शंभरावर बसलीय. राऊटर गिगाबिटचा आहे का ते आधी बघा, बरेच फुकट मिळालेले राऊटर शंभराचेच असतात. तो ठीक असेल तर वायर. दोन्ही बाजूंना आयपर्फ टाकून चालवा, त्यात डिस्कचा संबंधच येत नाही, फक्त नेटवर्क मोजलं जातं. ९४ एमबीपीएस दाखवलं तर वायर किंवा पोर्ट, ९४० दाखवलं तर मग डिस्ककडे वळू.

सुरंगी
९४.१! राऊटरवर मात्र गिगाबिट लिहिलंय.

पोफळी
मग वायरच. आत चार जोड्या असतात. शंभराला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली किंवा तिच्या पिना गंजल्या तरी नेट चालू दिसतं, फक्त गपचूप शंभरावर येतं. वायर पडवीतून आणलीय का? दोन्ही टोकं काढून उजेडात धरा आणि सोनेरी पिना बघा. आणि वायरवर सीसीए लिहिलंय का तेही वाचा.

सुरंगी
पडवीतूनच आणलीय, फायबरवाल्यांनी टाकलेली. राऊटरकडचं टोक चकचकीत आहे. पडवीतल्या जोडाचं टोक काढलं तर आठातल्या शेवटच्या दोन पिनांवर हिरवट-पांढरा थर, नखाने खरवडला तर भुकटी निघाली. आणि हो, वायरीवर सीसीए असंच छापलंय.

पोफळी
सातवी आणि आठवी पिन, म्हणजे तपकिरी जोडी. शंभराच्या कामाला ती लागतच नाही, म्हणून आजवर कोणाला कळलं नाही. नुसतं टोक बदलून आज चालेल, पण सीसीए म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, आपल्या खाऱ्या हवेत जोडाच्या ठिकाणी ते फार लवकर खातं. वायरच बदला, पूर्ण तांब्याची कॅट-सिक्स, पडवीत जोड अजिबात नको, एक सलग तुकडा पाइपातून. बाहेर राहणारा भाग काळ्या आवरणाचा घ्या, उन्हाने पांढरं आवरण तडकतं.

सुरंगी
बदलली. १०८ ते ११२ एमबी!! कॅसेटची फाईल दोन मिनिटांत गेली.
आता नवीनच. काल रात्री लाईट बराच वेळ गेली, यूपीएसने मशीन नीट बंद केलं (पोफळी, तुमचे आभार), पण लाईट आल्यावर ते उठलंच नाही. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण नेटवर्कवर नाही. बटण दाबून बंद-चालू केलं तरी तसंच. मॉनिटर लावलेला नाही.

आडवाट
मॉनिटर आणि कीबोर्ड लावून बघा काय म्हणतोय. माझा अंदाज आहे एफ-वन दाबायची वाट बघत बसलाय.

सुरंगी
अगदी बरोबर! तारीख-वेळ सेट नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा असं आहे. दाबल्यावर चालू झाला. वर २०१३ सालची तारीख होती.

आडवाट
बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपलाय, सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. मशीन जुनं आहे, सेल तेव्हाचाच असणार. भिंतीतून वीज येत असते तोवर सेल नसला तरी चालतं, पूर्ण गेली की बोर्ड सगळं विसरतो. सेल बदला, मग बायॉसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन दोन गोष्टी करा: वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय चालू करा, आणि कीबोर्ड नसेल तर थांबायचं नाही असाही पर्याय असतो तो लावा. सेल काढायच्या आधी पिन काढायची.
आणखी एक. राऊटरमध्ये जाऊन नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून टाका. नाहीतर एखाद्या दिवशी लाईट जाऊन आल्यावर राऊटर त्याला दुसराच आयपी देईल आणि काकांच्या टीव्हीवरून शेअर गायब होईल, मग तुम्ही परत डिस्क खराब झाली म्हणून घाबराल.

काजूबोंड
मध्येच घुसतो. माझाही उभा राहिला. पण स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या) यादीत १९९ नंबरला, सीआरसी एरर, २१४ दिसतंय. डिस्क नवी आहे. परत करू का?

आडवाट
१९९ म्हणजे डिस्क आणि बोर्डच्या मधल्या रस्त्यात डेटा बिघडला. बहुतेक वेळा साटाची केबल सैल किंवा जुनी. केबल बदला, दोन्हीकडे घट्ट बसवा. आकडा परत शून्य होत नाही, तो तसाच राहणार, वाढतोय का तेवढं बघा. काळजी करायची ती ५, १९७ आणि १९८ नंबरची. तिथे शून्याच्या जागी काही दिसायला लागलं आणि वाढत गेलं तर त्याच दिवशी डेटा काढून घ्या. ओपनमीडियाव्हॉल्टला आठवड्याची एक छोटी टेस्ट लावून ईमेलवर कळवायला सांगा.

सुरंगी
सेल बदलला, मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला, आपोआप उठतोय. आता वाशिष्ठीकाठ यांचा मुद्दा. भावाला पुण्याहून बघता यावं आणि कॉपीही तिकडे जावी. राऊटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडा असं एका व्हिडिओत सांगितलंय.

वाशिष्ठीकाठ
पोर्ट उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (फाईली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून शोधून लॉक केले होते. शिवाय बऱ्याच फायबर कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, कंपनीच्या एका आयपीमागे अनेक घरं असतात, पोर्ट उघडून बाहेरून काही पोचतही नाही. टेलस्केल टाका, नॅसवर, तुमच्या लॅपटॉपवर आणि भावाच्या मशीनवर. पोर्ट न उघडता तिघं एकाच घरात असल्यासारखी दिसतात.
कॉपीचं म्हणाल तर पहिली कॉपी नेटवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका. अपलोड ३० एमबीपीएस धरलं तर १.३ टीबीला चार दिवस सलग लागतात, आणि आपल्याकडे चार दिवस सलग लाईट असेल तर ना. एक्सटर्नल डिस्क घरीच भरा, कोणी पुण्याला जाईल त्याच्या हातात द्या, नंतर फक्त नवीन भर नेटवरून. त्यासाठी बोर्गबॅकअपचं प्लगइन आहे. ते एन्क्रिप्ट करून ठेवतं आणि जुन्या तारखांच्या प्रतीही ठेवतं, त्यामुळे इथे चुकून पुसलं तरी तिथून परत काढता येतं. त्याची की आणि पासफ्रेज कागदावर लिहून दोन्ही घरी ठेवा, ते हरवलं तर ती डिस्क कोणालाच उघडता येणार नाही.

सुरंगी
करते. चुलतभाऊ पुढच्या आठवड्यात वेंगुर्ला-पुणे एसटीने जातोय, त्याच्याबरोबर देते. पोचल्यावर सगळं ठीक आहे हे कसं बघायचं?

वाशिष्ठीकाठ
बोर्गमध्येच तपासायची कमांड आहे, ती चालवा. आणि तेवढ्यावर थांबू नका. भावाला सांगा की त्या डिस्कवरून एक आख्खं नाटक त्याच्या मशीनवर बाहेर काढ आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ. काढून बघितलेली कॉपी तीच खरी.

गाववालो
ताई, खयचा नाटक धाडतंस ता सांग, तेची लिंक माका पण दी.

सुरंगी
@गाववालो, कलाकारांच्या घरच्यांना विचारून मगच बाहेर देणार आहे. काकांनी यादी काढलीय, कोणत्या कंपनीचं, कुठल्या जत्रेतलं, संकासुर कोणी केला होता, सगळं त्यांना आठवतंय. ते प्रत्येक फाईलबरोबर टाईप करून ठेवतेय, कारण नुसत्या नंबराच्या फाईलींतून पुढे कोणाला काही कळणार नाही. तुमच्या भागातल्या घरच्यांशी गाठ घालून द्याल का?

गाववालो
घालून देतंय. तुका व्यनि केलंय.

काजूबोंड
@सुरंगी, कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला काय वापरतेस? माझ्याकडेही लग्नाच्या चार-पाच आहेत.

सुरंगी
कॅमेरा फायरवायरनेच जोडायचा, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने घेतलं तर चित्राचा दर्जा पडतो. डेस्कटॉपला पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड लावलं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं बघून घेतलं. विंडोजवर जुना लेगसी ड्रायव्हर टाकायला लागतो म्हणून मी लिनक्सवर डीव्हीग्रॅबने घेतेय. कॅसेट पूर्ण वेळ चालवावी लागते, तासाच्या कॅसेटला तास, त्यात घाई होत नाही. सुरू करण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणायची, वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेली टेप सैल होते. तुझ्याही कॅसेटींवर आधी बुरशी आहे का बघ, उजेडात तिरकी धरून.